ब्लॅकजॅकमधली पत्तेमोजणी : चौदा आठवड्यांच्या सरावाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५ : सामान

ब्लॅकजॅकमध्ये २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त बेरीज करायची असते. पानं ज्या खोक्यातून वाटतात त्या शूमध्ये सहा कॅट लागतात, पण आणले आठ. प्लास्टिकचा मुलामा असलेले कागदी कॅट, ₹८० चा एक, एकूण ₹६४०. एकाच रंगाचे आठ मिळाले नाहीत, म्हणून पाच लाल पाठीचे आणि तीन निळे. शूत चार लाल आणि दोन निळे घातले. ही तडजोड पुढे फायद्याची ठरली. पिसून झाल्यावर निळी पानं गठ्ठ्यागठ्ठ्याने दिसली की पिसणं कच्चं राहिलंय हे लगेच कळतं. ३१२ पानं एकदम हातात मावत नाहीत. चार ढीग करून दोन-दोन ढिगांतली पानं आलटूनपालटून एकमेकांत घालायची, असं निदान पाच वेळा. याला आठ मिनिटं लागतात, ती सरावाच्या वेळात धरावीत.

शू बुटांच्या खोक्याचाच केला. पुढच्या बाजूला खालून फट, तळाला उतार, मागून पानं ढकलायला पुठ्ठ्याचा त्रिकोण. पहिल्या दिवशी पानं दोन-दोन निघत होती आणि मध्येच एखादं उलटं पडत होतं. फट फार उंच कापली होती. आतून पट्टी चिकटवून ती कमी केली आणि त्रिकोणामागे पाव किलो तांदळाची पुरचुंडी ठेवली, तेव्हा पान एकेक निघू लागलं. वापरलेली पानं ठेवायला साखरेचा पारदर्शक चौकोनी डबा. पारदर्शकच हवा, कारण त्यातली उंची पुढे नजरेने मोजायची आहे.

चिप्सऐवजी कॅरमच्या सोंगट्या. पांढरी म्हणजे बाजीचं १ युनिट, काळी म्हणजे ५.

८ ऑक्टोबर : मोजायला सुरुवात

पद्धत हाय-लो. पडलेल्या पानांची बेरीज मनात ठेवायची; ती जितकी वर, तितकी शूत मोठी पानं जास्त उरलेली, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं. दुर्री ते छक्की +१, सत्ती-अठ्ठी-नव्वी ०, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का −१. एका कॅटमध्ये +१ ची वीस पानं, −१ चीही वीस, शून्याची बारा. त्यामुळे पूर्ण कॅट उलटला की बेरीज शून्यावरच यायला हवी. सरावाची खरी सोय हीच, तपासायला दुसरं माणूस लागत नाही.

पहिल्या दिवशी ५२ पानांना १ मिनिट ५० सेकंद लागले आणि दहापैकी सात वेळा उत्तर चुकलं.

मेंढीकोट खेळणाऱ्यांना इथे एक सवय सोडावी लागते. मेंढीकोटात कोणत्या दश्श्या पडल्या, कोणाकडे हुकूम उरला, हे लक्षात ठेवतात. इथे पान आठवणीत ठेवायचंच नाही. पान बघितलं, आकडा बदलला, पान विसरलं. पहिल्या आठवड्यातल्या चुकांपैकी बऱ्याचशा ‘इस्पिकची दश्शी गेली’ असं मनात नोंदवल्यामुळे झाल्या. तेवढ्यात पुढची दोन पानं निघून जातात.

१२ ऑक्टोबर : उण्याचा घोळ

मनात ‘उणे चार, उणे पाच, उणे चार’ असं म्हणण्यात वेळ जातो, शिवाय घाईत ‘उणे’ गळून पडतं. मग −४ चे +४ होतात आणि चूक थेट आठाची. ‘वजा’ म्हणून पाहिलं, तेच झालं.

तोडगा असा निघाला की अधिकचे आकडे मराठीत आणि उण्याचे इंग्रजीत म्हणायचे. तीन म्हणजे +३, थ्री म्हणजे −३. दोन दिवस विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवशी बसलं. चिन्ह चुकणं जवळपास थांबलं आणि एका कॅटमागे दहा-बारा सेकंद वाचले. शून्य ओलांडताना मात्र अजून अडखळायला होतं: ‘टू, वन, शून्य, एक’ हा उतार-चढ वेगळा घोकावा लागला.

१६ ऑक्टोबर : बेरीज शून्यावर येईना

एक संध्याकाळ वाया गेली. एकाच कॅटवर सलग सहा वेळा +१. सावकाश मोजलं तरी +१. हात चुकतोय असं धरून वेग कमी केला, मोठ्याने म्हटलं, तरी +१.

माणसाची चूक दर वेळी वेगळी येते, कधी +२, कधी −१. दर वेळी तीच येत असेल तर कॅट मोजावा. पानं ५१ निघाली. −१ चं एक पान कमी असलं की बेरीज +१ उरते, म्हणजे मोठं पान हरवलं होतं. रंगवार लावल्यावर चौकटची राणी गायब असल्याचं दिसलं. जोकरवर पेनने राणी लिहून काम चालवलं. आता प्रत्येक बैठकीआधी सगळे कॅट मोजले जातात, त्याला चार मिनिटं लागतात.

याच दोषाचा पुढे सराव म्हणून उपयोग केला. न बघता तीन पानं बाजूला ठेवायची, उरलेली ४९ मोजायची आणि बाजूच्या तीन पानांची बेरीज सांगायची. मोजणी +२ आली तर त्या तिघांची बेरीज −२ असली पाहिजे. मनाशी शून्य ठरवून मोजणी त्याच्याकडे ओढायची जी नकळत सवय लागते, ती याने मोडते.

२६ ऑक्टोबर : जोड्या

एकेक पान मोजून वेग ५८ सेकंदांच्या खाली जाईना. दोन-दोन पानं उलटायला लागल्यावर चार दिवसांत ४१ झाला. लहान-मोठं जोडीने आलं की काही म्हणायचंच नाही. राजा-पंजी दिसली की नजर पुढे. सुरुवातीला तिथेही मनात ‘शून्य’ म्हटलं जायचं, ते बंद केल्यावर ३४. ३० च्या आत आल्याशिवाय टेबलावर टिकाव लागत नाही, कारण डीलर वाट बघत नाही. दोन नीट दिसणारी पानं आणि एक अर्धवट झाकलेलं, अशी तिन्ही एका नजरेत घेण्याचा प्रयत्न फसला. नादी लागू नये.

२ नोव्हेंबर : सगळं कोसळलं

एकाने वाटायचं, एकाने तीन हात खेळायचे आणि मोजायचं. पहिल्या शूच्या शेवटी मोजणी ७ ने चुकली, दुसऱ्याच्या शेवटी ५ ने.

कारण मोजणीत नव्हतं. कोणत्या हातावर पान घ्यायचं, कुठे थांबायचं, हे पाठ नव्हतं. ‘बारा, समोर तिर्री, काय करायचं?’ असा विचार सुरू झाला की आकडा सुटतो. ज्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात तो तक्ता आधी पाठ हवा, मोजणी नंतर. आम्ही उलटं केलं आणि चार आठवड्यांनी मागे आलो. हा या नोंदींतला सर्वांत मोठा वेळेचा तोटा.

एक डाव तपशिलात लिहून ठेवतो, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यात दिसतं. हात: दश्शी-छक्की, एक्का-सत्ती, पंजी-चौकी. डीलरचं उघडं पान नव्वी. मोजणी ०, मग −१, मग +१, नव्वीने फरक नाही: +१. पहिल्या हाताला १६ वर पान घ्यावं लागतं, राजा आला, २६, हात बाद. डीलर ती पानं तत्क्षणी गोळा करतो, आणि राजाचा −१ मोजायचा राहिला तो इथेच. खरी मोजणी ०. दुसऱ्या हातावर दुर्री, +१. तिसऱ्यावर छक्की आणि पंजी, +३. डीलरचं दुसरं पान अठ्ठी, १७, थांबला. खरं उत्तर +३, मनात +४. अशा तीन चुका झाल्या की शू वाया. उपाय: बाद होणाऱ्या हाताचं शेवटचं पान टेबलाला टेकायच्या आतच मोजायचं, बेरीज २१ च्या वर गेली का ते नंतर बघायचं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे डीलरचं उघडं पान दोनदा मोजणं, एकदा सुरुवातीला आणि एकदा तो आपला हात उघडतो तेव्हा.

९ नोव्हेंबर : तक्ता, आणि चुकीचा तक्ता

तक्त्यातल्या प्रत्येक घराची एक चिठ्ठी केली. रोज ४० मिनिटं. सोपं लगेच बसतं: १३ ते १६ वर डीलरची दुर्री ते छक्की असेल तर थांबायचं, सत्ती किंवा वर असेल तर घ्यायचं. १२ वर फक्त चौकी, पंजी, छक्कीसमोर थांबायचं. एक्का-सत्ती हा हात आठवडाभर छळत राहिला. १८ दिसतात म्हणून थांबावंसं वाटतं, पण नव्वी, दहाचं पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) किंवा एक्का समोर असेल तर पान घ्यायचं. एक्का ११ वरून १ होऊ शकतो, त्यामुळे त्या एका पानाने हात बाद होत नाही.

पाच दिवसांनी लक्षात आलं की पाठ केलेला तक्ता अमेरिकी नियमांचा आहे. तिथे डीलर आपलं दुसरं पान आधीच घेतो आणि ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहाचं पान, आहे का ते तपासतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी ते पान शेवटी घेतात. मग डबल केलेली (बाजी दुप्पट करून एकच पान घेतलेली) किंवा जोडी फोडून (सारख्या दोन पानांचे दोन हात करून) लावलेली दुप्पट बाजी डीलरच्या ब्लॅकजॅकला सगळीच्या सगळी जाते. म्हणून त्या नियमात दहाच्या पानासमोर किंवा एक्क्यासमोर ११ वर डबल नाही, दोन अठ्ठ्या फोडायच्या नाहीत, आणि एक्क्यासमोर दोन एक्केही फोडायचे नाहीत, नुसतं पान घ्यायचं. पाच चिठ्ठ्या बदलल्या. घरं थोडी आहेत, पण बसलेली सवय उखडायला तीन दिवस गेले.

तक्ता उतरवून घेण्याआधी चार गोष्टी ठरवा: किती कॅट, डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) थांबतो की पान घेतो, दुसरं पान कधी घेतो, आणि जोडी फोडल्यावर डबल करू देतात का. डीलर सॉफ्ट १७ वर पान घेत असेल तर त्यातच सुमारे ०.२ टक्के जातात.

२३ नोव्हेंबर : भागाकार

टेबलावर फिरत्या बेरजेला, म्हणजे रनिंग काउंटला, स्वतःची किंमत नाही. सहा कॅट उरलेले असताना +३ म्हणजे जवळपास काहीच नाही, एक कॅट उरलेला असताना +३ म्हणजे खूप. म्हणून उरलेल्या कॅटांनी भागायचं. भागून येतो तो ट्रू काउंट, आणि बाजी त्यावर.

पहिला गोंधळ असा की डब्यात गेलेले कॅट दिसतात, म्हणून त्यांनीच भागलं जातं. बेरीज +६, डब्यात दोन कॅट. उत्तर ३ नव्हे. उरलेत चार, म्हणून दीड, आणि अपूर्णांक सोडून १. दोन दिवस प्रत्येक भागाकाराआधी मोठ्याने ‘सहातून’ म्हणायचा नियम केला. सहातून दोन गेले, चार.

दुसरी अडचण अर्ध्यांची. अडीच किंवा साडेतीन कॅटांनी मनात भागायला वेळ लागतो. इथे जुन्या पाट्यांवरचे पाढे कामी आले. दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा). बेरीज +९, उरले अडीच कॅट: अडीच त्रिक साडेसात, अडीच चोक दहा, म्हणजे ३. भागाकार करावाच लागत नाही, पाढ्यात कुठे बसतं ते बघायचं. औटकी आता कोणाला येत नाही, पण सात ओळींपुरती पाठ करायला एक दुपार पुरते. पाऊणकी आणि सवायकीची गरज पडली नाही, अर्ध्या कॅटच्या अचूकतेने भागतं.

उण्याकडे अपूर्णांक आला तर खालच्या पूर्णांकावर जायचं: −१.५ म्हणजे −२.

३० नोव्हेंबर : डबा खोटं बोलतो

ट्रू काउंट सारखा एकाने जास्त यायला लागला. मोजणी तपासली, बरोबर. भागाकार बरोबर. शेवटी मोजपट्टी घेतली. नवा कॅट १५.५ मिलिमीटर होता, तोच आठ आठवड्यांच्या हाताळणीनंतर १८. पानं वाकली, कडा फुगल्या. डब्यात तीन कॅट असताना उंची ५४ मिलिमीटर, आणि नजर ते साडेतीन वाचत होती.

फरक किरकोळ वाटतो, पण +८ बेरजेला खऱ्या तीन कॅटांनी भागलं तर २ आणि भासणाऱ्या अडीचांनी भागलं तर ३. तीनवर एक महत्त्वाचा निर्णय बदलतो (पुढची नोंद बघा).

रबर बँड लावून २६, ५२, ७८, १०४ पानांचे गठ्ठे केले आणि ते शेजारी ठेवून दहा दिवस नुसते अंदाज सांगितले. मग डोळे मिटायचे, दुसऱ्याने कितीही पानं डब्यात टाकायची, उघडून सांगायचं. शंभर अंदाजांत अर्ध्या कॅटपेक्षा मोठी चूक शेवटी चार वेळा झाली. दोन शिल्लक कॅट शूत घालून दोन जास्त फुगलेले बाद केले.

७ डिसेंबर : तक्त्यापासून फारकत

ट्रू काउंटनुसार तक्त्यातली काही उत्तरं बदलतात. अशी शंभरावर घरं आहेत. नवशिक्याने पाच घ्यावीत.

इन्शुरन्स: +३ किंवा वर असेल तरच. डीलरचा एक्का उघडा असताना बाजीच्या निम्मी रक्कम लावायची आणि त्याचं दुसरं पान दहाचं निघालं तर दुप्पट मिळतात. म्हणजे तीनात एक पान दहाचं असेल तेव्हा हिशेब बरोबरीचा होतो. पूर्ण शूत ३१२ पैकी ९६ पानं दहाची असतात, ३०.८ टक्के. म्हणून एरवी इन्शुरन्स नेहमी तोट्याचा, तुमच्या हातात २० असले तरी.

१६ वर दहाचं पान समोर: ० किंवा वर असेल तर थांबा. १५ वर दहाचं पान समोर: +४ पासून थांबा. १२ वर तिर्री समोर: +२ पासून, दुर्री समोर: +३ पासून थांबा.

पहिल्या दिवशी अठरा घरं घेतली होती. दोन बैठकांत मूळ तक्त्यातल्या चुका वाढल्या, म्हणून तेरा परत ठेवून दिली.

१४ डिसेंबर : आवाज

शांत खोलीत तीन शू बरोबर आले. टीव्हीवर क्रिकेट लावलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मोजणी संपली. गाणी चालतात, बडबड चालते, समालोचन चालत नाही. ‘तीन बाद सत्तेचाळीस’ कानावर पडलं की मनातला आकडा तीन होतो. मग मुद्दाम समालोचनावरच सराव केला, कारण टेबलावर डीलर दर हाताला बेरीज मोठ्याने सांगतो.

कोणी काही विचारलं तर आकडा कुठे ठेवायचा? डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर. जप मोजतात तसा अंगठा: चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बारापर्यंत जागा. करंगळीपासून सुरुवात म्हणजे अधिक, तर्जनीपासून म्हणजे उणे. उत्तर देऊन झालं की अंगठा जिथे आहे तिथून पुढे. बारापुढे मोजणी गेली तर या पद्धतीचा उपयोग नाही, पण तेव्हा गप्पांचा मोहही होत नाही.

फोनमधलं ॲप टेबलावर नेण्याचा विचारही करू नये. मनात मोजणं अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात (लास व्हेगास तिथलंच) गुन्हा नाही, मात्र तिथले कॅसिनो मोजणाऱ्याला उठवू शकतात. यंत्राची मदत घेणं तिथे गुन्हा आहे. न्यू जर्सीत केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूच्या १९८२ च्या खटल्यापासून मोजतो म्हणून कोणाला बाहेर काढता येत नाही, पण पत्ते लवकर पिसणं कॅसिनोच्या हातात राहतं.

२१ डिसेंबर : बाजी

ट्रू काउंट +१ पर्यंत १ युनिट, +२ ला ४, +३ ला ६, +४ आणि वर ८. बाजी डाव सुरू होण्याआधी लागते, म्हणजे मागचा डाव संपतानाची मोजणी हाताशी हवी. पहिल्या शूत दोनदा बाजी वाढवायची राहिली, कारण भागाकार सुरू असताना वाटणाऱ्याने पानं टाकलीसुद्धा. आता डब्याकडे नजर डाव संपायच्या आधी जाते.

नवा शू लागल्यावर मोजणी शून्य करायला विसरणं ही चूक हास्यास्पद वाटते, पण तीन वेळा झाली.

कट कार्ड (शू कुठे थांबवायचा ते दाखवणारं पान) मागून ७८ पानांवर, म्हणजे दीड कॅट न खेळता सोडलेले. गंमत म्हणून ते १५६ वर, अर्ध्यावर, ठेवून सहा शू खेळले. ट्रू काउंट +४ एकदाही आला नाही. टेबलाजवळ उभं राहून डीलर कट कार्ड कुठे घालतो ते आधी बघा, तक्ता वगैरे नंतर.

२८ डिसेंबर : हिशेब

चांगल्या नियमांच्या टेबलावर, तक्ता अचूक खेळला तर, कॅसिनोचा फायदा बाजीच्या सुमारे ०.५ टक्के. ट्रू काउंट एकाने वाढला की साधारण ०.५ टक्के आपल्याकडे सरकतात. म्हणजे +१ ला बरोबरी, +२ ला अर्धा टक्का आपला. यावरून १०० डावांची अंदाजी वाटणी मांडली.

० आणि खाली ७२ डाव, १ युनिट, सरासरी ०.९ टक्के तोटा: −०.६५ युनिट. +१ वर १३ डाव: शून्य. +२ वर ७ डाव, ४ युनिट: +०.१४. +३ वर ४ डाव, ६ युनिट: +०.२४. +४ आणि वर ४ डाव, ८ युनिट, सरासरी २ टक्के: +०.६४. एकूण +०.३७ युनिट. युनिट ₹५०० धरलं तर शंभर डावांमागे ₹१८५.

चढउताराचं प्रमाण विचलन याच वाटणीवर सुमारे २८ युनिट येतं, म्हणजे ₹१४,०००. मिळकत ₹१८५, हेलकावा ₹१४,०००. हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहिल्यावर एका रात्रीच्या जिंकण्या-हरण्यावरून ‘जमतंय’ किंवा ‘जमत नाही’ म्हणण्यात अर्थ उरत नाही.

मोजणी उणी झाली की उठून जायचं धरलं तर तोट्याचे निम्म्याहून जास्त डाव वाचतात आणि बेरीज सुमारे +०.८८ वर जाते. खेळातल्या कुठल्याही हुशारीपेक्षा खुर्ची सोडण्याने जास्त मिळतं. सरावात याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

आता गोवा. टेबलावर हाताने वाटला जाणारा ब्लॅकजॅक तिथे तरंगत्या कॅसिनोंत. जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यातल्या दुरुस्तीने फक्त इलेक्ट्रॉनिक खेळांची मुभा आहे, आणि दर डावाला नव्याने पिसणाऱ्या यंत्रासमोर मोजणी निरर्थक. प्रवेश २१ वर्षांपुढच्यांनाच, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना मज्जाव. महाराष्ट्रात प्रश्नच येत नाही: १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

पण खरी गोम करात आहे. चिप्स घेताना मोजलेल्या रकमेवर जीएसटी लागतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ४० युनिटांच्या, म्हणजे ₹२०,००० च्या चिप्स घेतल्या तर कर ₹८,०००, म्हणजे १६ युनिट. सहा तासांत तासाला ७० प्रमाणे ४२० डाव, त्यांची अपेक्षित मिळकत उठून जाण्याचा हिशेब धरूनही ३.७ युनिट. कर भरून निघायला १,८०० वर डाव लागतील, साधारण २६ तास, तेही त्याच चिप्स पुरल्या तर. पुन्हा चिप्स घेतल्या की पुन्हा कर. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि उपकर, त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही.

लास व्हेगासला जाणाऱ्यांसाठी: परदेशी पाहुण्याच्या ब्लॅकजॅकमधल्या कमाईवर अमेरिका कर कापत नाही, पण भारतात राहणाऱ्याला ती इथे दाखवावीच लागते. आणि टेबलावर ‘६ ला ५’ छापलंय का ते बघा. ₹१०० च्या ब्लॅकजॅकला १५० ऐवजी १२० मिळतात. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, त्यामुळे या एका ओळीने जवळपास १.४ टक्के जातात. मोजणीने मिळणारं सगळं त्यात बुडतं. यंत्रातून सतत पिसलेली पानं निघत असतील तर तिथे बसूच नये.

गोव्याचा बेत रद्द केला.

११ जानेवारी २०२६ : दोन आठवड्यांच्या खंडानंतर

सराव बंद होता. एक कॅट ४३ सेकंद (खंडाआधी २८), दहापैकी तीन चुका, दोन्ही भाषांचे आकडे पुन्हा मिसळले. तक्त्यातल्या २०० चिठ्ठ्यांत ६ चुका, पैकी दोन एक्का-सत्तीच्याच. पाढे मात्र जसेच्या तसे आठवले. चार दिवस रोज वीस मिनिटं दिल्यावर ३१ सेकंद. आतापर्यंतचा खर्च: कॅट ₹६४०, डबा ₹९०, चिकटपट्टी आणि रबर बँड ₹४५. वेळ सुमारे ११० तास, त्यातले तीस तक्ता आधी पाठ न केल्याने वाया गेलेले.

शूची फट पुन्हा उसवली आहे. या वेळी पुठ्ठ्याऐवजी जुन्या फाइलचं प्लास्टिक लावून बघायचं.